ताई, तुझी प्लेट मीच वाचली

ताई,

तुझ्या दशक्रियेला ओढ्याकाठचा मांडव पुरला नाही. माणसं बाभळींच्या सावलीला, टेम्पोच्या आडोशाला उभी होती. एकेकजण माइक हातात घेऊन तुझ्याबद्दल बोलत होता. कुणी तुला गोरगरिबांची माय म्हणालं, कुणी देवमाणूस. तू असतीस तर हे ऐकत बसली नसतीस. मागच्या मागं उठून चहा कुठवर आलाय ते बघायला गेली असतीस. सगळ्यांनी सांगितलं, डॉक्टरीणबाई किडनीनं गेल्या. एकानं साखरेचंही नाव घेतलं. दाजींनी मला खूण केली, बापू, तू बोल दोन शब्द. मी उठलो, माइकपर्यंत गेलो, लोकांना नमस्कार केला आणि परत येऊन बसलो.

मला जे बोलायचं होतं ते मांडवात बोलण्यासारखं नव्हतं. तू किडनीनं गेली नाहीस. ज्यानं तू गेलीस त्याला मी पाहिलंय. तुझ्या रक्ताची बाटली माझ्याच टेबलावर आली. त्यातला थेंब मीच जंतू वाढवायच्या प्लेटवर ओढला, आणि दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटरचं दार उघडून ती प्लेट खिडकीच्या उजेडात धरली तीही मीच. इतकी वर्षं हे काम केलं, हजारो लोकांच्या प्लेटा वाचल्या. त्यात बहिणीची ही पहिलीच.

म्हणून आता तुझ्याशीच बोलतो. नाहीतरी आपलं भांडण अर्धंच राहिलंय.

ते भांडण सुरू झालं तेव्हा मी नगरच्या दवाखान्यात लॅबला नुकताच लागलो होतो. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी ताजी होती, आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटायचं ते वय. सुट्टीला तुझ्याकडं पाथर्डीला आलो होतो. दसरा होऊन गेला होता. तुझ्या दवाखान्यासमोर ऊसतोडीला निघालेला एक ट्रक येऊन थांबला, इंजिन चालूच ठेवून. वर सगळा संसार होता. पत्र्याच्या पेट्या, हंडे, उलटी घातलेली बाज, दोन शेळ्या, आणि त्याच्या सांदीकोपऱ्यात दाटीनं बसलेली माणसं. त्यातून एक बाई उतरली. पंचविशीची असेल. ओटीपोटावर हात दाबून चालत होती.

"काय होतंय गं कमल?" तू विचारलंस.

"लघवीला आग हुती बाई. रातीपास्नं थंडी वाजून आलीय."

"पाणी पितीस का?"

"गाडीत बसायचं म्हनून काल दुपारपास्नं पिलंच न्हाई. मधी कुठं थांबत्यात का ते?"

बाहेर मुकादमानं हॉर्न दाबला. तू कपाट उघडून मोठं इंजेक्शन काढलंस. मी मध्येच तोंड घातलं. म्हणालो, "ताई, आधी लघवी तपासायला घे की. कुठला जंतू आहे, कुठलं औषध लागू पडतं, काहीच माहीत नसताना एकदम वरचं औषध?"

"रिपोर्ट कधी येईल?"

"परवा."

"परवा ही कोल्हापूरच्या पुढं कुठल्या तरी फडात असंल. तिथं तुझा रिपोर्ट कोण नेऊन देणार, तू?"

तू इंजेक्शन दिलंस, गोळ्या पुडीत बांधून दिल्यास, कमल ट्रकवर चढली आणि ट्रक गेला.

संध्याकाळी ओट्यावर शेंगा फोडताना मी पुन्हा तोच विषय काढला. म्हणालो, "तू जंतूंना शिकवतीयेस ताई. हे औषध कसं पचवायचं ते तू त्यांना शिकवतीयेस." मला वाटलं तू चिडशील. तू शेंग फोडता फोडता म्हणालीस, "त्यांना डोकं असतं का रे? मग शिकतात कसे?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. कारण शब्द माझाच चुकला होता. ते शिकत नाहीत. पाण्याच्या एका थेंबात आपल्या अख्ख्या जिल्ह्याच्या माणसांहून जास्त जंतू मावतात, आणि अर्ध्या तासाच्या आत एकाचे दोन होतात. एवढ्या गर्दीत एखादा कुठंतरी थोडा वेगळा निपजतो. नुसत्या नकलेच्या चुकीनं. एरवी त्या वेगळेपणाचा त्याला काही उपयोग नसतो, उलट तोटाच असतो. पण औषध आलं की बाकीचे मरतात आणि तो एकटा उरतो. मग सगळं अन्न त्याचं, सगळी जागा त्याची. दुसऱ्या दिवशी तिथं पुन्हा तेवढीच गर्दी असते, पण ती सगळी त्याची पिलावळ असते.

तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हणजे आपल्या वावरात हराळीचं होतं तसं. बाकीचं तण काढलं की तिला रान मोकळं."

"अगदी तसंच."

"मग मी काय करू? हराळी माजंल म्हणून खुरपायचंच नाही?"

ताई, पुस्तकांत याचं उत्तर आहे. पण ते पुस्तक लिहिणाऱ्यांच्या दारात इंजिन चालू ठेवून ट्रक उभा नसतो.

तरी तू माझं ऐकलंस, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. पुढच्याच आठवड्यात पाथर्डीच्या जीपवाल्याबरोबर बर्फाचा डबा आला. आत लघवीच्या नमुन्यांच्या बाटल्या, प्रत्येकीवर तुझ्या तिरक्या अक्षरात नाव. इंजेक्शन द्यायचंच, पण त्याआधी नमुना घ्यायचा, हा तू स्वतःच काढलेला मधला मार्ग. बायका परत आल्यावर निदान पुढच्या वेळी तरी काय द्यायचं ते कळेल, असा तुझा हिशेब. त्या दिवसापासून जीपवाल्याच्या मागच्या सीटखाली आपला डबा ठरलेला झाला. वास येतो म्हणून तो कुरकुरायचा, आणि तू त्याच्या आईला फुकट तपासायचीस.

तुला मी एकदा लॅबमध्ये बसवून दाखवलं होतं. प्लेटवर जंतू पसरायचे आणि त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. रात्रभरात जंतू वाढतात. जे औषध लागू पडतं त्याच्या टिकलीभोवती ते वाढत नाहीत, तिथं स्वच्छ कडं उमटतं. त्या पहिल्या वर्षांत आपली कडी कशी होती आठवतं? रुपयाएवढी. तू हरखली होतीस. "अगंबाई, चंद्राला खळं पडावं तसं दिसतंय," म्हणालीस. मी तुला फोन करायचो, ताई, अमकीला साधी गोळी चालेल, आणि तू "साधी चालतीय? खरंच?" असं दोनदा विचारायचीस. त्या वर्षी तू बऱ्याच बायकांना मोठ्या इंजेक्शनापासून लांब ठेवलंस. कुणी त्यासाठी तुझा सत्कार केला नाही. सुई न दिल्याबद्दल सत्कार कोण करतं? उलट "ह्या बाई आता नुसत्या गोळ्यावर भागवत्यात" अशी तुझी तक्रार एस्टी स्टँडवर ऐकायला मिळायची.

मग कडी आकसायला लागली.

एकदम नाही. एका मोसमात एका औषधाचं कडं जरा लहान झालं. मला वाटलं टिकल्या जुन्या असतील, मी नवा डबा फोडला. पुढच्या मोसमात ते आणखी लहान. आणि पाडव्याच्या सुमाराला बायका फडांवरून परतल्या, त्यांचे नमुने आले, तेव्हा काही प्लेटांवर त्या टिकलीला लागून जंतू वाढलेले. टिकली जणू तिथं नव्हतीच. त्यांत कमलची प्लेटही होती.

तू म्हणालीस, "पण बापू, मी तर हे औषध ह्या वर्षी कुणालाच दिलं नाही." ते खरंच होतं. त्या बायका सहा-सहा महिने उसाच्या पाचटाच्या कोप्यांत राहायच्या, कालव्याचं पाणी प्यायच्या. आडोसा मिळत नाही म्हणून दिवसभर लघवी धरून ठेवायच्या, आणि ताप आला की तिथल्या जो कुणी सुई टोचेल त्याच्याकडं जायच्या. प्रत्येक फडावर वेगळा सुईवाला, वेगळं औषध. मी तुला तेव्हा सांगितलं की जंतू एवढ्यावरच थांबत नाहीत. औषधापासून वाचायची युक्ती एका जंतूला सापडली की ती तो शेजारच्याला देऊ शकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलासुद्धा. घराशेजारच्या बाईनं वाटीभर विरजण मागून न्यावं तितक्या सहज. देणाऱ्याचं काही कमी होत नाही आणि घेणाऱ्याचं दही लागतं.

तुझा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरलेला पाहिला. तू एवढंच म्हणालीस, "म्हणजे एका टोळीत एकीला दिलं की..." आणि वाक्य तसंच सोडून दिलंस.

त्यानंतर मी तुला माझी आशा सांगितली. ही युक्ती जंतूला फुकट मिळत नाही. ती बाळगायला ताकद लागते. पाठीवर ओझं घेतलेला माणूस जसा मागं पडतो, तसा औषध नसेल तेव्हा हा जंतू साध्या जंतूंच्या मागं पडतो. म्हणजे आपण ते मोठं इंजेक्शन काही काळ बंदच ठेवलं, तर साधे जंतू पुढं सरकतील आणि हे मागं पडून विरून जातील. रान मोकळं सोडलं की हराळीवर दुसरं गवत मात करील. तुला पटलं. आपलं ठरलं, निदान एक मोसम नुसत्या जळजळीला इंजेक्शन नाही. खूप ताप, उलट्या असल्या तरच.

त्या मोसमात कमल आली. ताप नव्हता. जळजळ होती, आणि कमरेत कळ. बाहेर ट्रक. तू आधी गोळ्या बांधून दिल्यास, ती पायऱ्या उतरून गेली, शिडीवरून वर चढली. मग तू काय पाहिलंस कुणास ठाऊक, इंजेक्शन भरून घेतलंस, साडीचा पदर खोचून स्वतः त्या ट्रकच्या शिडीवर चढलीस आणि शेळ्यांच्या मधे वाकून तिला ते दिलंस. दाजींनी हसत हसत मला फोनवर सांगितलं, तुझी बहीण आज ट्रकवर चढली होती. मला हसू आलं नाही. मी तुला फोन करून म्हणालो, "ताई, आपलं ठरलं होतं."

"तिचा हात थंडगार होता रे."

"ताप होता?"

"नव्हता."

"मग?"

"मग काही नाही. मला बरं वाटलं नाही. तू प्लेट बघतोस, मी माणूस बघते."

"तू एकीला बघतेस. मागं किती उभ्या आहेत ते बघत नाहीस."

"त्या माझ्या दारात येतील तेव्हा त्यांनाही बघीन," म्हणालीस आणि फोन ठेवलास.

तो सगळा हिवाळा आपण बोललो नाही. डबा येत राहिला, रिपोर्ट जात राहिले, ते दाजींमार्फत. पाडव्यानंतर एकदा डबा आला, त्याच्या वर कापडात बांधलेला गूळ होता. अर्धी ढेप. जीपवाला म्हणाला, कोन कमल म्हनून हाय तिनं बाईंना आनला, बाईंनी निम्मा तुम्हाला धाडलाय. चिठ्ठी नाही, काही नाही. त्याच डब्यात कमलचा नमुना होता. मी तो प्लेटवर लावला. दुसऱ्या दिवशी प्लेट काढली तर एकाही गोळीच्या टिकलीला कडं नव्हतं. मोठ्या इंजेक्शनालाच काय ते होतं, तेही जेमतेम. आता, ती प्लेट कमल फडावरून परतल्यानंतरची होती. आधी तिच्यात तोच जंतू होता की फडावरून नवा घेऊन आली, हे मला सांगता येत नव्हतं. पण आधीही तोच असेल, तर तू बांधून दिलेल्या गोळ्यांचा तिला काडीचा उपयोग झाला नसता.

मी तुला फोन केला. तू सगळं ऐकलंस. "सांगितलं होतं ना" असं म्हणाली नाहीस. फक्त विचारलंस, "गूळ चांगला हाय का?"

ताई, तेव्हाच मी तुला म्हणायला हवं होतं की तुझं बरोबर होतं. आणि तेव्हाच हेही म्हणायला हवं होतं की माझंही चूक नव्हतं. दोन्ही एकदम कसं म्हणायचं ते मला जमलं नाही. मी म्हणालो, चांगलाय, दाणेदार आहे.

त्यानंतर कमलच्याच नमुन्यातला जंतू घेऊन मी माझी आशा तपासायला बसलो. लॅबच्या प्रमुख मॅडमना विचारून, लॅबचं काम संपल्यावर. औषधाचा थेंबही नसलेल्या साध्या रश्श्यात, म्हणजे जंतूंच्या पातळ खाद्यात, मी तो वाढवायचो, आणि रोज त्यातलं थेंबभर नव्या रश्श्यात सोडायचो, कालच्या दह्यानं आजचं दूध विरजावं तसं. शेजारी एका नळीत साधा, कुठल्याही औषधाला मरणारा जंतू. दोघांची शर्यत. सुरुवातीला माझं म्हणणं खरं ठरत होतं. कमलचा जंतू मागं पडायचा, त्याची नळी उशिरा गढूळ व्हायची. मी तुला फोन करून सांगायचो आणि तू म्हणायचीस, "दमतोय का? दमू दे."

पावसाळा गेला, हिवाळा गेला, मी रोज तेच करत राहिलो. आणि मग ती नळी लवकर गढूळ व्हायला लागली. आधी किंचित लवकर, नंतर साध्या जंतूच्या बरोबरीनं. मी त्याला औषधाच्या टिकल्या लावून पाहिल्या. कडं नाही. एवढे महिने औषधाचा वासही न लागता तो युक्ती विसरला नव्हता. ओझं त्यानं टाकलं नव्हतं. त्या ओझ्यासकट धावायला सोपं पडेल असे दुसरे बदल त्याच्यात झाले होते. त्यांतले जे मागं राहिले ते रोज नव्या रश्श्यात सोडताना गळून गेले, ज्यांना ओझं जड वाटेनासं झालं ते उरले. प्रत्येक वेळी असंच होतं असं नाही, पण माझ्या नळीत झालं. आता औषध असो वा नसो, त्याला फरक पडत नव्हता. तो तिथं राहायला आला होता.

हे मी तुला फोनवर सांगितलं नाही, पाथर्डीला येऊन सांगितलं. तू तुरीच्या शेंगा सोलत होतीस. माझं बोलून झालं तरी तुझे हात चालूच होते. मान वर न करता म्हणालीस, "मग आता?"

मीही समोरच्या शेंगा सोलायला घेतल्या.  दाजींनी टीव्ही लावला, आपण जेवलो.

मुतखड्याचं तू आम्हाला सांगितलंच उशिरा. साखर होतीच. लघवीची वाट अडली म्हणून नळी बसवली, तोवर सगळं ठीक होतं. घरी गेलीस, दुसऱ्या आठवड्यात थंडी वाजून ताप आला. दाजी तुला आमच्याच दवाखान्यात घेऊन आले. गाडीतून उतरताना तू मला म्हणालीस, "बापू, आधी नमुना घ्यायला सांग, मग इंजेक्शन." दात वाजत होते तुझे, तरी हे.

तुझ्या रक्तात निघाला तो कमलचा जंतू नव्हता. जातच वेगळी. प्लेटवर जाड, बुळबुळीत, एकमेकांत मिसळलेले ठिपके. पण टिकल्या लावल्या तेव्हा चित्र ओळखीचं होतं. किंबहुना त्याच्याही पुढचं. गोळ्यांना कडं नाही, मोठ्या इंजेक्शनाला नाही, त्याच्या वरच्याला नाही, आणि जे आम्ही वॉर्डात जपून, लपवून ठेवल्यासारखं वापरतो त्यालाही नाही. पूर्ण प्लेट एकसारखी भरलेली, सायीसारखी, आणि त्यावर पांढऱ्या टिकल्या निरर्थक बसलेल्या.

तू मला विचारलंस, "माझी प्लेट आली का?"

मी म्हणालो, "येईल."

"बापू. दाखव."

मी मोबाईलवर फोटो दाखवला. तू चष्मा मागून घेतलास. डॉक्टर प्लेट बघतो तशी बघितलीस, आधी या बाजूनं, मग त्या. "खळं कुठंच नाही," म्हणालीस. मी सांगितलं, एक राखीव औषध आहे, ते वेगळ्या पद्धतीनं तपासलंय, ते लागू पडतंय. तुला नाव माहीत होतं. ते किडनीला जड जातं म्हणून कधीकाळी डॉक्टरांनीच बाजूला ठेवलेलं औषध, हेही माहीत होतं. तू मान हलवलीस. मग हळू आवाजात विचारलंस, "हे माझ्यामुळंच झालं असंल का रे? मी दिलेल्या सुयांनी?"

मी ताबडतोब म्हणालो, "नाही."

खरं उत्तर ‘माहीत नाही’ असं होतं. तो वॉर्डातल्या कुठल्या खाटेवरून आला असेल, नळीबरोबर आला असेल, पाण्यातून, कोंबड्यांच्या खाद्यातून, कुठल्या तरी पेशंटच्या हातातून तुझ्या हातात आला असेल. ती युक्ती किती जातींच्या, किती गावांच्या जंतूंतून फिरत फिरत तुझ्यापर्यंत आली, ते कुणालाच सांगता येणार नाही. सुई देणारे तुझ्यासारखे लाखभर असतील, आणि सुई न देणारेही काही त्यातून सुटलेले नाहीत. हे मला तुला समजावून सांगायचं होतं. पण तू "नाही" ऐकून डोळे मिटलेस आणि तुझा चेहरा थोडा सैल पडला, म्हणून मी पुढं बोललो नाही.

औषधानं ताप उतरला होता, ताई. हे तुला कदाचित कळलंही नसेल. रक्तातले जंतू कमी होत होते. पण ते मारता मारता औषधानं किडन्या संपवल्या. म्हणजे दशक्रियेतले लोक तसे खोटं बोलत नव्हते.

मांडव उठल्यावर कमल मला भेटायला आली. केस पिकलेत तिचे. बरोबर तिची सून होती, रेणुका, पोट दिसायला लागलेलं, पहिलंच बाळंतपण. कमल माझ्या पाया पडायला लागली, मी धरलं. म्हणाली, "बाईंनी टरकावर चढून सुई दिली म्हनून मी हाय, भाऊ. न्हाईतर तवाच गेल्ते." मग सुनेला पुढं करून, "हिला कालपास्नं आग हुतीय. परवा गाडी हाय आमची. आता आमी कुनाकडं जायाचं?"

पोटुशी पोर ऊस तोडायला चाललीय म्हणून मी काही बोलणार होतो. पण कमल सगळं ऐकलेल्या माणसासारखी माझ्याकडं बघत होती. मी दोघींना घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. तिथली डॉक्टर नवीन पोरगी आहे. तुझं नाव ऐकल्यावर तिनं रांगेतून बाजूला घेतलं, नमुना घेऊ दिला, आणि पोटातल्या बाळाला चालेल अशी साधी गोळी सुरू केली. मी नमुना नगरला आणला. ट्रक ठरल्या दिवशी गेला.

ताई, मग रेणुकाची प्लेट इन्क्युबेटरमधून काढली. मी ती उजेडात धरली. कडं होतं. साध्या गोळीच्या टिकलीभोवती, मोठं, स्वच्छ. इतक्या वर्षांनी असं कडं मी तुझ्या भागातल्या नमुन्यात पाहिलं. साधे जंतू अजून आहेत. कुठं कुठं आहेत. मी वेड्यासारखा एकटाच हसलो आणि तुझा नंबर काढला. काढल्यावर लक्षात आलं.

मग कमलला लावला. बऱ्याच प्रयत्नांनी लागला. मागं ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी बैलांवर ओरडत होतं.

"कमलबाई, रेणुकाला तीच गोळी चालेल. साधीच. बरी होईल ती."

"व्हय भाऊ, आग थांबलीच हाय तिची. मंग आता बंद केली तर चालंल न्हवं? लई मळमळतंय तिला त्या गोळीनं. कोयता हातात धरवत न्हाई, अन् मुकादम ऐकत न्हाई."

"नाही, बंद नका करू. थोडे उरलेत ते पुन्हा माजतील. पोटात बाळ आहे. जेवणाबरोबर द्या, पण डॉक्टरनं दिल्यात तेवढ्या पुऱ्या द्या."

"काय म्हनले?"

"पुऱ्या. पुऱ्या गोळ्या द्या तिला!"

लॅबमधली पोरं वळून माझ्याकडं बघायला लागली इतक्या मोठ्यानं मी ओरडलो. पलीकडं ट्रॅक्टर जवळ आला, कमल काहीतरी बोलली, ते त्या आवाजात बुडालं आणि फोन कट झाला. तेव्हापासून तो लागत नाहीये. तिनं काय ऐकलं, मला माहीत नाही.